जनावरांची चण आणि गोमांसाची प्रतवारी : अमेरिकेतील पद्धत

शेतमालाच्या बाजारपेठेत प्रतवारी ही उत्पादक व खरेदीदार यांच्यातील समान भाषा असते. अमेरिकेच्या कृषी विभागाने गोमांसाची प्रतवारी १९२७ मध्ये सुरू केली. तेथे मांसाची आरोग्यविषयक तपासणी सक्तीची आहे. प्रतवारी मात्र ऐच्छिक असून तिचा खर्च मांसप्रक्रिया उद्योग सोसतो. या प्रतवारीत जनावराची चण, म्हणजे सांगाड्याचा आकार व उंची, मोजली जात नाही. तरीही जनावराला कोणती प्रत मिळेल, यावर चणीचा मोठा प्रभाव पडतो. हे कसे घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रतवारीचे दोन निकष

कत्तलीनंतर डोके, कातडी व आतडी काढून उरलेल्या धडाचा बाराव्या व तेराव्या बरगडीदरम्यान छेद घेतात. त्यावरून दोन स्वतंत्र प्रती ठरतात.

पहिली गुणवत्तेची प्रत. जनावराचे वय आणि स्नायूंच्या आत विखुरलेली चरबी, म्हणजेच ‘मार्बलिंग’, हे तिचे आधार होत. कोवळ्या जनावरांसाठी प्राइम, चॉइस, सिलेक्ट व स्टँडर्ड असा उतरता क्रम आहे. वयाच्या निर्णयासाठी २०१७ पासून दातांचा पुरावाही ग्राह्य धरला जातो.

दुसरी उत्पादनाची प्रत १९६५ मध्ये आली. धडापासून विक्रीयोग्य मांस किती मिळेल, हे ती १ ते ५ अंकांत सांगते. १ ही सर्वोत्तम होय. पाठीवरील चरबीची जाडी, पाठीच्या स्नायूच्या छेदाचे क्षेत्रफळ, मूत्रपिंड-हृदयाभोवतालची चरबी आणि धडाचे वजन हे तिचे चार घटक आहेत. इतर घटक समान असता पाठीवरील चरबी सुमारे १ सेंटिमीटरने वाढली, तर ही प्रत पूर्ण एका अंकाने घसरते.

या दोन प्रती एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. अधिक दिवस खुराक दिला की मार्बलिंग वाढते व गुणवत्ता सुधारते; परंतु त्याच वेळी पाठीवरील चरबीही वाढते आणि उत्पादनाची प्रत खालावते.

चणीचा प्रभाव

वाढीच्या काळात आधी हाडे, मग स्नायू आणि अखेरीस चरबी असा क्रम असतो. चरबीतही स्नायूंच्या आतील चरबी सर्वांत उशिरा साठते. लहान चणीचे जनावर हा क्रम कमी वजनातच पूर्ण करते. मोठ्या चणीचे जनावर दीर्घकाळ हाडे व स्नायूच वाढवीत राहते.

यास्तव अमेरिकी कृषी विभागाच्या २००० सालच्या मानकांत खुराकासाठी घेतल्या जाणाऱ्या वासरांचे चणीनुसार तीन वर्ग केले आहेत. पाठीवर सुमारे १.२७ सेंटिमीटर चरबी येऊन ‘चॉइस’ प्रत मिळण्यासाठी खच्ची केलेल्या गोऱ्ह्याचे अपेक्षित जिवंत वजन असे :
• लहान चण : सुमारे ५०० किलोपेक्षा कमी
• मध्यम चण : सुमारे ५०० ते ५६७ किलो
• मोठी चण : ५६७ किलोपेक्षा अधिक

कालवडींसाठी ही मर्यादा सुमारे ४५ किलोने कमी आहे.

आता तिन्ही वर्गांतील गोऱ्हे सरसकट ५४० किलो वजनाला विकले, असे समजू. मध्यम चणीचा गोऱ्हा दोन्ही निकषांवर समाधानकारक ठरेल. लहान चणीच्या गोऱ्ह्यावर चरबीचा जाड थर चढलेला असेल व त्याची उत्पादनाची प्रत खालावेल. मोठ्या चणीचा गोऱ्हा मांसल असेल. पण मार्बलिंगअभावी तो ‘सिलेक्ट’वर थांबण्याची शक्यता अधिक. याउलट, प्रत्येकाला सारखीच चरबी चढेपर्यंत पोसले, तर प्रतींतील फरक बराच कमी होतो. फरक उरतो तो वजनाचा व लागलेल्या दिवसांचा. थोडक्यात, चण प्रत ठरवीत नाही, प्रत मिळण्याची वेळ ठरविते. अर्थात, मार्बलिंगची क्षमता वंशानुसारही बदलते.

पैदाशीची बदलती दिशा

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत ठेंगण्या, लवकर चरबी धरणाऱ्या जनावरांना पसंती होती. १९६० च्या दशकापासून शॅरोले, सिमेंटल, लिमुझिन या युरोपीय जातींचा प्रसार झाला आणि १९८० च्या दशकात उंच जनावरांचा आग्रह टोकाला गेला. त्याचे तोटेही दिसले. मोठ्या चणीच्या गाईला वर्षभर अधिक चारा लागतो, तर प्रमाणाबाहेर जड धडांना खरेदीदार कमी दर देतात. त्यामुळे पुढे मध्यम चणीकडे कल वळला. उष्ण प्रदेशांसाठी तेथे विकसित झालेल्या ब्राह्मन जातीत गीर, कांकरेज, ओंगोल व कृष्णाकाठच्या भारतीय गोवंशाचा अंश आहे, हे येथे नमूद करावयास हवे.

निष्कर्ष

प्रतवारीचे मानक उत्पादकाला केवळ दर सांगत नाही. कोणते जनावर पैदा करावे, किती दिवस पोसावे आणि केव्हा विकावे, याचेही मार्गदर्शन करते. वासरांची चणीनुसार विभागणी करून प्रत्येक गट योग्य वेळी बाजारात नेल्यास खुराकावरील खर्च वाया जात नाही. भारतात १९३७ च्या कृषी उत्पन्न (प्रतवारी व चिन्हांकन) कायद्यान्वये चालणाऱ्या ‘ॲगमार्क’ व्यवस्थेमागेही मोजता येणाऱ्या गुणांना बाजारात ओळख मिळावी, हेच तत्त्व आहे.