खेळण्यांच्या दुकानाची दोन दारे



भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोली नावाचे एक लहानसे गाव आहे. ऊन पाण्याच्या कुंडांमुळे ते प्रसिद्ध झाले. वज्रेश्वरीचे देऊळ तेथून जवळच आहे. वसई १७३९ साली सर झाल्यावर चिमाजी अप्पांचा नवस फेडण्यासाठी ते बांधले गेले, ही हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. मुंबई-ठाण्याची कुटुंबे सुट्टीच्या दिवशी त्या बाजूस जातात, कुंडांत स्नान करतात, देवीचे दर्शन घेतात. आणि परतीच्या वाटेवर, कोणत्याही देवस्थानाजवळ व्हावयाचे तेच होते. मूल खेळण्यांच्या दुकानापुढे पाय रोवून उभे राहते.

देवस्थानाच्या वाटेवरील असे दुकान आपल्याकडे बहुधा एकाच घाटाचे असते. दोरीला टांगलेले चेंडू, पिपाण्या, बाहुल्या, चावीच्या मोटारी, धनुष्यबाण, जाळीत बांधलेली चूलबोळकी. मांडणीत काही वर्गवारी असलीच तर ती किमतीची. दहाची वस्तू पुढे, शंभराची मागे. मूल बोट दाखविते, आई नको म्हणते, थोडी रडारड होते, आणि अखेर काहीतरी पदरात पडते. या व्यवहारात दुकानदार मुलास तू मुलगा की मुलगी असे विचारीत नाही. ते त्याला समोर दिसतच असते. पण मुलालाही सगळे दुकान समोर दिसत असते, आणि माझ्या आजच्या भाषणातील मुद्दा हाच आहे.

याच तालुक्याच्या दुसऱ्या भागात, मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपास, काल्हेर, राहनाळ, माणकोली या बाजूंना, गोदामांची एक नगरीच वसली आहे. यंत्रमागांसाठी नावाजलेल्या भिवंडीला हे नवे रूप आले, त्याचे एक मोठे कारण जकात. मुंबईच्या हद्दीत माल शिरताच जकात द्यावी लागे. म्हणून व्यापाऱ्यांनी माल हद्दीबाहेर साठविला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोदामे राहिली, नव्हे, वाढली. आज मुंबईत बसून ऑनलाइन मागविलेले खेळणे पुष्कळदा याच तालुक्यातून निघून आपल्या दारी येते.

अशा मोठ्या गोदामांतील एक पद्धत ऐकण्यासारखी आहे. आपली अशी समजूत असते की तेथे बाहुल्या एकीकडे, मोटारी दुसरीकडे, भांडी तिसरीकडे असतील. पुष्कळ ठिकाणी तसे नसते. फळीवर जेथे जागा रिकामी असेल तेथे वस्तू ठेवावयाची आणि ती कोठे ठेवली याची नोंद यंत्रात करावयाची, असा शिरस्ता असतो. बाहुलीशेजारी कुकरचे रबर, त्याशेजारी पाटी, त्याशेजारी खेळण्यातील क्रेन. हा गबाळेपणा नव्हे. सारख्या दिसणाऱ्या वस्तू शेजारी ठेवल्या म्हणजे उचलणाऱ्याच्या हातून चूक होते. म्हणून त्या मुद्दाम दूर ठेवावयाच्या. तेव्हा गोदामास मुलगा आणि मुलगी हा भेद माहीत नसतो. त्याला डब्यावरील पट्टेरी खूण तेवढी माहीत असते.

मग हा भेद येतो कोठून? तो येतो एका रकान्यातून. ऑनलाइन दुकानात माल मांडणाऱ्या विक्रेत्यास प्रत्येक वस्तूसाठी एक तक्ता भरावा लागतो: नाव, किंमत, रंग, वजन, वय, आणि पुष्कळ ठिकाणी ‘कोणासाठी’ असा एक रकाना. मुलगा, मुलगी, किंवा दोघेही. हा रकाना भरणाऱ्याने बालमानसशास्त्र वाचलेले असावे अशी अट नाही. शेकडो वस्तूंचे तक्ते भरणारा तो एखादा नोकरदार तरुण असतो. डबा गुलाबी दिसला की तो ‘मुलगी’ लिहितो, चाके दिसली की ‘मुलगा’. त्याचा त्यात काडीचाही दुष्ट हेतू नसतो. पण गिऱ्हाईक जेव्हा पडद्यावर ‘मुलगी, चार वर्षे’ अशी खूण करते, तेव्हा त्या तरुणाने घाईने लिहिलेला शब्द हीच चाळणी होते, आणि जे चाळणीतून खाली येत नाही ते दिसतच नाही.

पूर्वीच्या दुकानातील पाटी आणि ही चाळणी यांत हा मोठा फरक आहे. पाटी वाचूनही मूल पलीकडच्या दालनात धावत जाऊ शकते. चाळणीने गाळलेले दालन त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. शिवाय येथे मूल हजर नसते. रात्री जेवणे आटोपल्यावर वडील किंवा आत्या हातातील फोनवर खरेदी उरकतात. भाचीचा वाढदिवस उद्यावर आला आहे, वस्तू हजारो आहेत, तेव्हा काहीतरी खूण करून ढीग लहान करणे भागच असते; आणि सर्वांत सोपी खूण ही. मग यंत्र ती लक्षात ठेवते. मुलींसाठी म्हणून स्वयंपाकघराचा संच पुष्कळांनी घेतला, म्हणून तोच पुढच्याला आधी दाखविला जातो. आधी दिसला म्हणून तो आणखी खपतो. रूढी पूर्वी पिढ्यांनी घट्ट होत असे, आता ती दर तासाला घट्ट होते.

आपल्या जुन्या खेळांत असा भेद नव्हता, असे म्हणण्याचा मोह कोणास झाला तर तो खरा नाही. सागरगोटे मुलींचे, विटीदांडू मुलांचा, भोंडला मुलींचा, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगविलेली लाकडी भातुकली ज्या घरी आली, तेथे ती बहुधा मुलीच्याच नावाने आली. पण भातुकली मांडली की पंगतीला कोणीतरी लागे. बाहुला-बाहुलीचे लग्न म्हटले की वरपक्ष लागे, आणि रुसणारा व्याही झाल्याशिवाय त्या लग्नाला रंग चढत नसे. ते काम धाकट्या भावाकडे येई. दिवाळीतील किल्ला करताना माती कालविणारे हात कोणाचे आहेत हे कोणी पाहत नसे. वस्तू एकाची असली तरी खेळ वाड्याचा असे. आज घर लहान, मूल एकटे, आणि डबा त्याच्या एकट्याच्या नावाने आलेला. त्यामुळे डब्यावरील शब्दाला पूर्वी नव्हते असे वजन आले आहे.

रंगाविषयी तर बोलूच नये इतका विनोदी प्रकार आहे. गुलाबी म्हणजे मुलींचा हे सृष्टीनेच ठरविले आहे अशा थाटात दुकाने बोलतात. आमच्याकडे नवरदेव गुलाबी फेटा बांधून मिरवितो, आणि जोतिबाच्या डोंगरावर गुलालात न्हालेल्या पुरुषांना कोणी बायकी म्हटलेले ऐकिवात नाही. खुद्द अमेरिकेत बालकांच्या कपड्यांच्या एका व्यापारी पत्राने १९१८ साली गुलाबी मुलांना व निळा मुलींना असा सल्ला दिला होता. पुढे तो नेमका उलटा झाला. त्याच देशातील सीअर्स या पेढीची जुनी विक्रीपत्रके एका समाजशास्त्रज्ञ बाईंनी, एलिझाबेथ स्वीट यांनी, तपासली. १९७५ च्या पत्रकात मुलांसाठी किंवा मुलींसाठी असे उघड सांगून विकलेली खेळणी शंभरात दोनही नव्हती, असे त्यांना आढळले. म्हणजे आज दिसणारी काटेकोर विभागणी हा सनातन धर्म नसून अलीकडचा व्यापार आहे. त्यातील हिशेबही सरळ आहे. थोरल्या बहिणीची गुलाबी तीनचाकी धाकट्या भावाला चालत नाही असे ठरले, की एका घरात दोन तीनचाक्या खपतात.

परदेशांत याविरुद्ध बोलणारे आईबापच होते. लंडनच्या हॅम्लेज या जुन्या दुकानाने २०११ साली मुलामुलींचे निराळे मजले दाखविणाऱ्या पाट्या काढून खेळण्यांच्या प्रकारांनुसार लावल्या. हे दुकान २०१९ पासून मुंबईच्या रिलायन्स समूहाच्या मालकीचे आहे. इंग्लंडात २०१२ साली पालकांनी ‘लेट टॉइज बी टॉइज’ ही चळवळ सुरू केली. अमेरिकेत ॲमेझॉनने २०१५ साली खेळण्यांच्या विभागातील मुलगा-मुलगी ही चाळणी काढली. कॅलिफोर्नियाने २०२१ साली कायदा केला की पाचशे किंवा अधिक नोकर असलेल्या मोठ्या दुकानांनी दोघांसाठीचा एक विभाग ठेवलाच पाहिजे. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. पण तो त्या राज्यात प्रत्यक्ष उभ्या असलेल्या दुकानांपुरता. ऑनलाइन दुकानात चाळणी काढली तरी विक्रेता वस्तूच्या नावातच ‘मुलींसाठी किचन सेट’ असे लिहून ठेवतो, आणि शोधणाराही तेच शब्द टाइप करतो.

आता कोणी विचारील, यात बिघडले काय? बाहुलीने खेळले काय आणि ठोकळ्यांनी खेळले काय? बिघडते ते असे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी ५३ लहान मुलांस त्यांच्या घरीच, सव्वीस ते सेहेचाळीस महिन्यांच्या वयात, पुनःपुन्हा पाहिले. जी मुले चित्रांचे तुकडे जुळविण्याचा खेळ खेळत, ती साडेचार वर्षांची झाल्यावर आकार मनात फिरविण्याच्या कसोटीत इतरांहून सरस ठरली. मुलगे तसे आणि मुलीही. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. पुढे भूमितीत आणि यंत्रविद्येत लागते ती हीच शक्ती. दुसऱ्या बाजूने पाहा. २०२० साली कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या मेंदूचे व्यवहार ती खेळत असताना तपासले. बाहुल्यांशी एकट्याने खेळतानाही, दुसऱ्याच्या मनाचा विचार करताना जागा होणारा भाग जागा होत होता, आणि यात मुलगा-मुलगी असा फरक आढळला नाही. या संशोधनाला बार्बी बनविणाऱ्या कंपनीचे पैसे होते हेही श्रोत्यांस सांगितले पाहिजे. तरी त्याची दिशा विचार करण्याजोगी आहे. ठोकळे न मिळाल्याने मुलीचे नुकसान होते हे आपण ऐकतो. बाहुली न मिळाल्याने मुलाचे काय जाते, हे कोणी बोलत नाही.

मुलांच्या आवडींत उपजत फरक मुळीच नसतो असे माझे म्हणणे नाही. सरासरीत काही फरक अनेक संशोधकांना आढळला आहे. परंतु आपल्या घरात सरासरी मूल राहत नाही. एक विशिष्ट मूल राहते, आणि त्याला काय आवडते हे कळण्यासाठी ते त्याच्या दृष्टीस तरी पडले पाहिजे.

आपल्या प्रांतात याचे उत्तर फार पूर्वी काही जणांनी कृतीने दिले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर चालले. महागडी साधने परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, पाने, माती हीच त्यांची साधने. झाडणे, पुसणे, बटणे लावणे हा माँटेसोरी पद्धतीत सर्वच बालकांचा अभ्यास असतो. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघेही भाजी निवडीत बसलेले चित्र छापले, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याची बरीच चर्चा झाली. शाळेत ते चित्र पाहून आलेल्या मुलाला घरी वाढदिवसाचा डबा उघडल्यावर मात्र बंदूक सापडते.

भाषेचीही एक गंमत आहे. मराठीत मूल, लेकरू, बाळ हे शब्द नपुंसकलिंगी आहेत, खेळणेही तसेच. ‘मुलांची खेळणी’ म्हटले की त्यात सगळी मुले येतात. दोन मोठ्या ऑनलाइन दुकानांनी २०२१ साली मराठीतून व्यवहाराची सोय केली, हे स्वागतार्हच आहे. परंतु इंग्रजीतील दोन रकाने मराठीत आणताना ‘मुलांसाठी’ आणि ‘मुलींसाठी’ अशी जोडी लावली, की सर्वांना सामावून घेणारा आपला शब्द निम्म्यांपुरता आकसतो. तेथे निदान ‘मुलग्यांसाठी’ म्हणावे.

राहिली व्यवहाराची गोष्ट. खेळण्याच्या तक्त्यातील सगळेच रकाने सारखे नसतात. वयाच्या रकान्यामागे कारण आहे: तीन वर्षांखालील मूल वस्तू तोंडात घालते, सुटा लहान भाग घशात अडकू शकतो. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोची आयएसआय खूण असणे सक्तीचे आहे. ती खूण आणि वय ही दोन्ही जरूर पाहावीत. ‘कोणासाठी’ या रकान्यामागे अशी कोणतीही कसोटी नाही, आणि तो मोकळा ठेवला तरी खरेदी अडत नाही. शोधताना ‘मुलीसाठी भेट’ असे न लिहिता वस्तूचे नाव लिहावे: लाकडी ठोकळे, डॉक्टरची पेटी, मातीकामाचा संच, भातुकली. काही दुकाने मुलाचे नाव, जन्मतारीख आणि मुलगा की मुलगी हे आधीच नोंदवून घेतात. तेथे पुढची सगळी पाने त्या उत्तरावर रचली जातात, म्हणून शक्य असेल तेथे जन्मतारखेवर थांबावे. आणि मूल वाचण्याच्या वयाचे नसले, तरी पडदा त्याच्याकडे वळवून वरपासून खालपर्यंत एकदा सावकाश फिरवावा. त्याचे बोट कोठे थांबते हे पाहावयास पाच मिनिटे पुरतात.