घर विकायचंय? रंगाचा डबा आणण्याआधी हे वाचा

भोर : दिवाळी आटोपली की तालुक्यात घर-जागेच्या व्यवहारांची बोलणी सुरू होतात. पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली मंडळी सुट्टीला गावी येतात, वर्षभर बंद असलेलं घर उघडतात, आणि भावाभावांत ठरतं, "विकून टाकू." मग पुढचा प्रश्न येतो. आहे तसं द्यायचं, की दुरुस्त करून? "रंग मारा, भाव वाढतो," असं सांगणारे गावोगाव भेटतात. पण रंगाचं नंतर बघू. घर घेणार कोण, हे आधी बघा.

गावातलाच कोणी राहायला घेणार असेल तर तो संडास-बाथरूम, नळाचं पाणी, लाईट आणि घरापर्यंत येणारी वाट बघतो. ते चालू स्थितीत पाहिजे. पुण्याचा माणूस राजगड-तोरण्याच्या पायथ्याला किंवा पानशेतकडे सुट्टीचं घर शोधत असेल तर त्याला बहुतेक वेळा जुनी कौलं, सागवानी खांब आणि तुळया हव्या असतात. तिथं कौलं उतरवून पत्रा टाकणं म्हणजे पैसे घालून भाव पाडणं. आणि घेणारा घर पाडून नवं बांधणार असेल तर एक रुपयाही घालू नका. तो जागेचे पैसे देतोय, भिंतींचे नाही.

गवंड्याला बोलावण्याआधी कागद काढा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा घरपट्टीसाठी असतो, तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. गावठाणातल्या घराला प्रॉपर्टी कार्ड झालंय का ते भूमी अभिलेख कार्यालयात बघा. ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात सोनोरीला झाला होता, पुढं २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. घर शेतजमिनीवर, सातबाऱ्यावर असेल तर गोष्ट वेगळी. कुळकायद्यामुळं शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, म्हणजे निम्मी गिऱ्हाइकं तिथंच गळतात. धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेली जागा असेल तर उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलंय का बघा. असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही.

वडिलोपार्जित घरात बहिणींचं नावही विसरू नका. २००५ च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. समजा, एका भावानं दीड लाख घालून फरशी बसवली आणि बहिणीच्या सहीशिवाय खरेदीखत अडलं, तर ते दीड लाख कोण देणार? सगळ्यांची संमती आणि खर्चाची वाटणी आधीच कागदावर घ्या.

कागद बरे असतील तर मग घराकडे वळा. आपल्याकडं, त्यातही वेल्ह्याच्या बाजूला, पावसाचा मारा जबर. म्हणून पहिला पैसा छपराला. फुटकी कौलं बदला, शाकारणी करून घ्या, कुजलेले वासे आणि रिपा काढा, वाळवी लागलीय का ते सुताराकडून ठोकून बघा. खर्च फार नसतो, पण गळती दिसली की घेणाऱ्याच्या मनात शंका बसते. समजा काम पंधरा हजारांचं असेल, तर तो लाखभर तरी कमी करून मागतो. कारण वासे आतून किती गेलेत हे त्याला कळत नाही, मग तो वाईटातलं वाईट धरून चालतो.

दुसरं काम ओलीचं. भिंतीला ओल असेल तर आतून गिलावा करून उपयोग नाही, पाणी येतं कुठून ते शोधा. वळचणीचं पाणी जोत्याशी पडतं का? मागची गटार तुंबलीय का? पाणी वाटेला लावलं की निम्मी ओल आपोआप सुकते. मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा तर करूच नका. आतली ओल कोंडते आणि वर्षा-दोन वर्षांत पोपडे सुटतात. मातीचंच लिंपण करा, दिसतंही बरं.

ओलीवर नुसता रंग मारून गिऱ्हाईक दाखवणारे आहेत. यात धोका आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं बंधनकारक आहे. लपवला तर कायदा त्याला फसवणूक मानतो. तुळई खचली असेल आणि दुरुस्ती झेपत नसेल तर तसं सांगा, भाव त्या हिशोबानं ठरवा आणि करारातही लिहा.

डोंगर उताराला घर असेल तर आणखी एक. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीणवर दरड कोसळली, तेव्हापासून बाहेरचं गिऱ्हाईक घराच्या मागं जाऊन डोंगर बघतं. मागचा चर साफ ठेवा, पाणी घरावर न येता बाजूनं जाईल असं करा.

लोंबणाऱ्या वायरी, तुटका बोर्ड, गळका नळ, न लागणारी कडी ही कामं एका दिवसात उरकतात, ती करून टाका. महावितरणचं बिल आणि घरपट्टी थकली असेल तर भरून पावती ठेवा. मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल तर तेही बघा. नवा ओटा, भारी टाईल्स, पीओपी, लोखंडी गेट यात मात्र पडू नका. आपल्या आवडीचा रंग घेणाऱ्याला आवडेलच असं नाही. आतून पांढरा चुना पुरे. अडगळ काढून घर मोकळं केलं तर खोल्या मोठ्या दिसतात, आणि त्याला खर्च नाही.

खर्चाच्या पावत्या जपा. घर विकून झालेल्या नफ्यावर आयकर लागू शकतो. रंगरंगोटी, कौलं बदलणं असा देखभालीचा खर्च त्यातून वजा होत नाही. नवी खोली किंवा स्लॅब अशी भर घातली असेल तर तो खर्च धरता येतो, पण बिल असेल तरच. गवंड्याला रोख दिले तरी त्याच्याकडून सहीचा कागद घ्या आणि खरेदीखताआधी एकदा कर सल्लागाराला दाखवा.