शालेय ग्रंथालय आणि मुलांचा मोकळा वेळ

पनवेल तालुक्यात माथेरानच्या डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी अनेक आदिवासी वाड्या आहेत. तेथील कित्येक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामास जातात व पावसाळ्याच्या तोंडी परततात. आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलाच्या वाट्यास शाळा येते ती मुख्यतः जून ते दिवाळी एवढीच. घरी पुस्तक नसते. म्हणून त्याचे अवांतर वाचन व्हावयाचे ते शाळेच्या वेळातच.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आवश्यक मानले असून, त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे सांगितले आहे. परंतु पुस्तक फाटेल, हरवेल, साठ्याच्या नोंदवहीचा हिशेब जुळणार नाही, या धास्तीने पुष्कळदा कपाट बंदच राहते. धास्ती अगदीच निराधार नाही. जाब शेवटी मुख्याध्यापकांनाच द्यावा लागतो. तथापि डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत पहिला मान ग्रंथांच्या उपयोगाला दिला आहे. युरोपात एके काळी ग्रंथ साखळीने बांधून ठेवीत, याचे त्यांनी तेथे स्मरण करून दिले आहे. आपल्या कपाटाचे कुलूप त्या साखळीहून फारसे निराळे नाही.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, मग वेळ कोठून आणावा, हा प्रश्न खरा आहे. कोकणात जुलैमध्ये मैदानावर पाणी असते आणि खेळाचा तास बहुधा गणिताकडे जातो. तो ग्रंथालयास द्यावा. उघाडीच्या दिवशी मात्र खेळाचा तास मुलांकडून काढून घेऊ नये. दोनशिक्षकी शाळेत एका इयत्तेचा पाठ चालू असता दुसरीने वाचीत बसावे, हीही सोय आहे.

हा वेळ खरोखर मोकळा असावा. पुस्तक मुलाने निवडावे, अर्धवट वाचून परत करावे, नुसती चित्रे पाहिली तरी चालावे. घरी कातकरी बोली बोलणाऱ्या मुलास चित्रांच्या आधारेच पुस्तकी मराठीची ओळख होते. वाचल्यानंतर सारांश लिहावयास लावला, की मुले सर्वांत पातळ पुस्तक उचलू लागतात! देवघेवीची वही वरच्या इयत्तेतील मुलांकडे सोपवावी. फाटलेली पाने खळीने चिकटविण्याचे कामही ती हौसेने करतात.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर दोन पुस्तके द्यावीत. ती परत न आल्यास नोंद कशी करावी, याविषयी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधीच करून ठेवावा.