गिअरच्या दांड्याची चाल

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघे येथील गल्लींतून मोटार बाहेर काढून येळाकेळीपाशीं समृद्धि महामार्गाला लागणाऱ्या चालकाचा डावा हात तेवढ्या अंतरांत किती वेळां हलतो, याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाहीं. गल्लींत पहिला-दुसरा, चौकांत तिसरा, आणि ताशी १२० किलोमीटरांची मुभा असलेल्या त्या रस्त्यावर शेवटचा गिअर, हें सर्व सवयीनें घडतें. परंतु त्या हातानें आंत नेमकें काय सरकतें, असें विचारलें तर "दांते एकमेकांत अडकतात" एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. आणि तें आजच्या मोटारीपुरतें चुकीचें आहे.

पुढें जाण्याच्या गिअरांचीं चक्रें सदैव एकमेकांत गुंतलेलींच असतात. प्रत्येक जोडींतील एक चक्र मात्र आपल्या शाफ्टवर मोकळें फिरत असतें. दांडा हलविला म्हणजे आंतील एक दुबेळका कांटा एका सरकत्या कड्याला ढकलतो आणि तें कडें त्या मोकळ्या चक्राला शाफ्टशीं जखडून टाकतें. दांड्याला हालचाली दोनच. डावी-उजवीकडे नेणें म्हणजे कोणत्या कांट्याला काम सांगावयाचें याची निवड, आणि पुढें-मागें नेणें म्हणजे तें काम करवून घेणें. मुठीवर कोरलेली इंग्रजी एच् अक्षरासारखी आकृति म्हणजे या दोन हालचालींचा नकाशाच होय.

स्पोर्ट्स कारमध्यें हाताची ही चाल मुद्दाम आंखूड ठेवलेली असते. पहारीनें दगड उचटणाऱ्यास तिचें गणित ठाऊक असतेंच. समजा, टेकूच्या वरचा दांडा खालच्या भागाच्या चौपट लांब आहे. खालचें टोंक १ सेंटिमीटर सरकविण्यास हाताला ४ सेंटिमीटर जावें लागेल. पण खालीं १२ किलो जोर हवा असेल, तर वर ३ किलोच पुरेल. आतां टेकू उंच करून हें प्रमाण तिपटीवर आणलें, तर हाताची चाल ३ सेंटिमीटर होईल आणि जोर ४ किलो लागेल. "शॉर्ट शिफ्टर" या नांवानें बाजारांत विकत मिळणारा सुटा भाग एवढेंच करतो. अंतर वांचतें, श्रम वांचत नाहींत.

दांडा आणि गिअरपेटी यांमधील अंतराचाहि येथें मोठा संबंध येतो. जपानच्या माझ्दा एम्एक्स-५ या गाडींत दांडा थेट पेटीवरच बसतो, म्हणून हाताला जणूं आंतील लोखंडच लागतें. उलट, महाराष्ट्रांत घडविलेली आणि २०१२ सालीं दिल्लीच्या वाहन-प्रदर्शनांत मांडलेली डी. सी. अवंती पाहावी. तिचें एंजिन बैठकींच्या मागें, त्यास जोडलेली सहा गिअरांची पेटीहि मागेंच, आणि दांडा मात्र चालकाच्या हाताशीं. अशा मांडणीच्या गाड्यांत दांड्याची हालचाल बहुधा दोन पोलादी केबलींमधून मागें न्यावी लागते. एक निवडीची, दुसरी पुढें-मागें सरकविण्याची. केबल थोडी जरी सैल झाली तरी हाताला सांगितलेलें तिकडे अर्धवटच पोंचतें.

घाईलाहि मर्यादा आहे. सरकतें कडें आणि चक्र निरनिराळ्या वेगांनीं फिरत असतां त्यांच्यामध्यें एक पितळी रिंग घासून दोहोंचा वेग समान करते, आणि तो होईपर्यंत कड्याची वाट अडवून धरते. दांड्याला जी क्षणभर अडखळ जाणवते ती हीच. हात आपटून ती मोडावयाची म्हटलें, तर झीज त्या बिचाऱ्या रिंगेची होते.

खरा धोका मात्र वेगळाच. तिसऱ्यांतून चौथ्यांत जातांना दांडा सरळ मागें ओढावयाचा असतो; उजव्या वळणावर अंग डावीकडे झुकलें असतां मुठींत आवळलेला दांडाहि तिकडेच जातो, आणि चौथ्याऐवजीं दुसरा पडतो. समजा, एंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत आहे आणि दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या गिअरांचीं प्रमाणें अनुक्रमें २, १.४ आणि १ आहेत. चौथ्यांत फेरे सुमारें ३५७० वर उतरले असते. दुसऱ्यांत ते ७१४० च्या वर चढतात. अतिवेग होतांच इंधन तोडणारी योजना येथें निरुपयोगी ठरते, कारण एंजिनला आतां इंधन नव्हे, चाकेंच फिरवीत असतात. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले म्हणजे एंजिन कामांतून गेलेंच.

म्हणून दांडा मुठींत आवळूं नये, तळव्यानें ढकलावा. आंतील स्प्रिंग त्याला आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेवर आणते. हातानें तिच्या आड येऊं नये एवढेंच. आणि चूक झालीच, तर पितळी रिंगेला अवाढव्य फरक मिटवावा लागत असल्यानें दांडा नेहमींपेक्षां जड लागतो. क्लचवरील पाय अजून उचललेला नसेल, तर त्या जडपणावरून दांडा मागें घेण्यास तेवढा अवकाश मिळतो.