भाजीची गाडी मुंबई उपनगरात पाठवताना चालकाजवळ कोणते कागद द्यावेत?

नाशिक भागातून मेथी, कोथिंबीर, टोमॅटो भरलेली गाडी रात्री निघते. भिवंडी ओलांडल्यावर ती मुलुंडच्या आनंदनगर नाक्याने घाटकोपरकडे जाते, नाहीतर घोडबंदर रस्त्याने दहिसर नाका गाठून बोरिवली-अंधेरीकडे वळते. १ जुलै २०१७ पासून मुंबईची जकात बंद झाली, तरी कागदावरून गाडी अडतेच. खोळंबा चालकाचा होतो, पण मालाचा कागद द्यायचा असतो पाठवणाऱ्याने. ताडपत्रीखाली तासभर उभी राहिलेली मेथी गरम होऊन पिवळी पडू लागते आणि सकाळचा बाजार हातचा जातो.

ताजी भाजी, फळे, कांदा, बटाटा यांवर जीएसटी नाही. त्यामुळे मालाची किंमत कितीही असो, ई-वे बिल लागत नाही. चालकाला हे निघण्यापूर्वीच सांगावे. विचारणा झाली की गडबडणारा चालक जास्त वेळ अडकतो.

खरा घोळ मिश्र मालात होतो. समजा, शेतकरी कंपनीने एकाच बिलावर ८०,००० रुपयांची भाजी आणि ३०,००० रुपयांची पाकीटबंद हळद पाठवली. बेरीज १,१०,००० होते आणि राज्यांतर्गत वाहतुकीची मर्यादा १ लाख आहे, म्हणून अनेक जण घाबरून गाडी थांबवतात. पण अशा बिलात करमुक्त मालाची किंमत धरायचीच नसते. ५ टक्के करासह हळदीचे ३१,५०० रुपयेच मोजायचे, म्हणजे ई-वे बिल नको. मात्र हळदच लाखावर गेली तर ते काढावेच लागेल.

ई-वे बिल नको म्हणजे कागदच नको, असे नव्हे. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीने किंवा व्यापाऱ्याने बिलाची प्रत चालकाजवळ दिलीच पाहिजे. निव्वळ करमुक्त माल असेल तर ‘बिल ऑफ सप्लाय’. नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याने साधी चिठ्ठी द्यावी: नाव, गाव, गट क्रमांक, माल, क्रेटची संख्या, वजन, गाडी क्रमांक, माल उतरवण्याचा पत्ता, सही. सोबत सातबाऱ्याची झेरॉक्स असली तर बरे. फळे-भाजीपाला २०१६ मध्ये नियमनमुक्त झाला आहे, त्यामुळे सोसायटीला थेट माल देताना बाजार समितीची पावती लागत नाही.

गाडीचे कागद डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमध्ये दाखवलेले चालतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोचा भरवसा धरू नये. गाडी मालकाची आणि फोन चालकाचा असेल तर मालकाच्या खात्यातली आरसी त्याला दिसत नाही, हे बहुतेकांना नाक्यावरच कळते. मूळ कागद गाडीतच ठेवावेत. मुंबईच्या नाक्यांवरची ऑक्टोबर २०२४ ची टोलमाफी हलक्या वाहनांना आहे, अवजड ट्रकला नाही; फास्टॅगमध्ये पैसे हवेत.

चिठ्ठीवर माल घेणाऱ्याचा फोन नंबर ठळक लिहावा. पहाटे चारला अंधेरीच्या गल्लीत चालकाला तोच लागतो.