मोरीचे पाणी विहिरीत जाऊ नये म्हणून



घरात नळ आला की पाण्याचा प्रश्न मिटला असे आपण म्हणतो. पण आलेले पाणी जाते कुठे? २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. त्यातले सुमारे २२० लिटर मोरीतून बाहेर पडते. गाव दोनशे उंबऱ्यांचे असेल तर रोज ४४ हजार लिटर सांडपाणी उताराने ओढ्याला लागते. आणि ओढ्याकाठीच आपली पिण्याची विहीर!

वाटेत गोठ्याचे मूत्र आणि संडासाची घाण मिसळली की नायट्रेट वाढते. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले की ते पाणी पिण्यालायक नाही. अशा पाण्यात वरचे दूध कालवून पाजले तर तान्ह्या बाळाचे अंग निळे पडू शकते. उकळल्याने रोगजंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसते.

उपाय सोपा आहे, शोषखड्डा. चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. तळाला मोठे दगड, त्यावर मध्यम, वर बारीक खडी. मधोमध बुडाला भोके पाडलेले मडके ठेवून त्यात काथ्या किंवा गवत भरावे. मोरीचा पाइप मडक्यात सोडावा. वर गोणपाट अंथरून माती लोटावी. साबणाचा मेण गवतात अडकतो, म्हणून ते पंधरा दिवसांनी बदलायचे. बहुतेक खड्डे तुंबतात ते या आळसापायीच! नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले आणि तिथली गटारे बंद झाली.

विहिरीपासून खड्डा निदान पन्नास फूट दूर हवा.

आता चूक सांगतो, माझीच. नोकरीच्या पहिल्या वर्षी काळ्या जमिनीच्या गावात मी असेच खड्डे घ्यायला लावले. पहिल्याच पावसात सगळे भरून वाहिले. काळी माती भिजली की फुगते, पाणी घेत नाही. म्हणून आधी हातभर खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्या खेपेला तासाभरात इंचभर तरी पाणी उतरले पाहिजे. उतरत नसेल तर नाद सोडा. पाणी परसात केळी, कर्दळीला फिरवा. मेथी-कोथिंबिरीला नको. सगळ्या गावचेच पाणी असेल तर गावाखाली उथळ तळे घेऊन ते उन्हात मुरवून मग सोडावे. यासाठी ग्रामसभेत ठराव मांडा.

संडासाचे पाणी शोषखड्ड्यात कधीही सोडू नका. त्याला दोन खड्डे वेगळे. एक भरला की बंद करून दुसरा वापरावा. बंद खड्डा वर्ष-दीड वर्षाने उघडला की सोनखत मिळते. ते फळझाडांच्या आळ्यात घालावे.