आधार वाशिमचं, राहणं पुण्यात: मग जनगणनेत आपण मोजले जाणार कुठे?

आधी एक छोटंसं काम करा. मोबाईलमध्ये डिजीलॉकर उघडा आणि आधारवरचा पत्ता बघा. आता तुम्ही आत्ता जिथे राहता तो पत्ता आठवा. दोन्ही जुळतात का?

माझे जुळत नाहीत. आधार, मतदार यादी, रेशनकार्ड, सगळीकडे मी वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातला. पण नोकरीमुळे गेली पाच वर्षं पुण्यात भाड्याने राहतोय. आपल्याकडची अशी कितीतरी पोरं पुण्या-मुंबईत आहेत. कितीतरी कुटुंबं हंगामी कामासाठी महिनोन्‌महिने घराला कुलूप लावून जातात. मग प्रश्न येतो: सरकारकडे आपला एवढा डेटा आहे, तर घरोघरी फिरायचं कशाला? कॉम्प्युटरवरच लोकसंख्या काढता येत नाही का?

काही देशांत खरंच तसं करतात. ते कसं, ते आज बघू.

रजिस्टरमधून मोजणी म्हणजे काय?

आपल्याकडे प्रगणक घरी येतो, प्रश्न विचारतो, नोंद करतो. २०११ च्या जनगणनेत १ मार्चची मध्यरात्र हा संदर्भ क्षण धरला होता आणि वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० भरली.

दुसऱ्या पद्धतीत कोणी घरी येत नाही. जन्म-मृत्यू, पत्ता, कर, शाळा, नोकरी, घरं अशा सरकारी नोंदी आधीच असतात. प्रत्येक माणसाला एकच नंबर असतो. त्या नंबरावरून सगळ्या याद्या एकमेकींना जोडायच्या, दुबार नावं काढायची आणि ठरलेल्या तारखेला देशात कोण राहतं ते मोजायचं. एक्सेलमध्ये रोल नंबरवरून दोन शीट जोडतात ना, तसंच.

डेन्मार्कने १९६८ मध्ये प्रत्येकाला असा १० अंकी नंबर दिला. १९८१ मध्ये त्यांनी संपूर्ण जनगणना फक्त रजिस्टरमधून केली. असं करणारा तो पहिला देश. पुढे फिनलंड, नॉर्वे, स्वीडन त्याच वाटेने गेले.

खरी अडचण कुठे येते?

कोड लिहिणाऱ्याला वाटतं, याद्या जोडणं हेच अवघड. पण त्याहून अवघड आहे गेलेला माणूस ओळखणं. बाळ जन्मलं की दाखला लागतो, म्हणून नोंद होते. पण गाव सोडताना "मी चाललो" असं कोण कळवतं?

एस्टोनियाचं उदाहरण घ्या. या देशाची लोकसंख्या साधारण १३ लाख, म्हणजे आपल्या जिल्ह्यापेक्षा थोडीच जास्त. तिथली बरीच माणसं कामासाठी फिनलंडला गेली, पण नाव घरच्याच रजिस्टरमध्ये राहिलं. मग त्यांच्या संख्याशास्त्रज्ञांनी 'जिवंतपणाच्या खुणा' शोधल्या. वर्षभरात हा माणूस डॉक्टरकडे गेला का? त्याचा पगार, कर, भत्ता, शाळा अशी कुठे नोंद दिसते का? त्यावरून प्रत्येकाला ० ते १ मध्ये गुण दिले. ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर तो रहिवासी, खाली गेला तर नाही. २०२१ ची जनगणना त्यांनी अशा पद्धतीने केली.

मग आपल्याकडे आधारवरून का नाही?

आधार काढताना आधीच्या १२ महिन्यांत किमान १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. पण ते झालं नोंदणीच्या वेळचं. नंतर माणूस कुठे गेला, हे आधारला आपोआप कळत नाही. माणूस वारला तरी नंबर चालूच राहायचा. २०२५ मध्ये यूआयडीएआयने मृत्यूच्या नोंदींशी जुळवून एक कोटीपेक्षा जास्त नंबर बंद केले.

आणि पत्त्याचं काय? मी एकदा घरी म्हटलं, रेशनकार्डवरचं माझं नाव काढून पुण्यात घेतो. आई लगेच म्हणाली, "नाव कापू नको बाबू, एकदा कापलं की पुन्हा लागत नाही." ही भीती फक्त माझ्या आईची नाही. आपल्या बहुतेक घरांत नाव म्हणजे हक्क.

फरक इथेच आहे. डेन्मार्कमध्ये घर बदललं की पाच दिवसांच्या आत कळवावं लागतं. पण तिथे पत्ता बदलला की डॉक्टर, नगरपालिकेच्या सोयी हे सगळं सोबत येतं. पत्ता बदलल्याने काही जात नसेल, तरच माणूस खरा पत्ता देतो. नाहीतर कितीही भारी सॉफ्टवेअर बनवा, रजिस्टरमध्ये गाव भरलेलं दिसेल आणि प्रत्यक्षात घरांना कुलपं असतील.

आपल्याला याचं काय?

अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी लोकांना धान्य मिळू शकतं. हा आकडा २०११ च्या लोकसंख्येवरून ठरलाय. कोविडमुळे २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे मर्यादा तीच राहिली. चुकीच्या आकड्याचा फटका असा थेट ताटाला बसतो.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण आहे १ मार्च २०२७ ची मध्यरात्र. या वेळी प्रगणकाकडे मोबाईल ॲप असेल आणि स्वतःची माहिती स्वतः भरायची सोयही असेल. म्हणजे साधन डिजिटल, पण उत्तर आपणच द्यायचं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जनगणना कायदा, १९४८ नुसार तुमची वैयक्तिक माहिती गुप्त असते. तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून ती वापरता येत नाही. जनगणनेत "मी पुण्यात राहतो" असं सांगितलं म्हणून गावातल्या रेशनकार्डवरचं नाव कापलं जात नाही. रजिस्टरला जे सांगायला आई घाबरते, ते जनगणनेला बिनधास्त सांगता येतं.

म्हणून तीन कामं करा. घरातल्या जन्म-मृत्यूची नोंद वेळेत करा. जनगणनेत जिथे नेहमी राहता तिथलंच सांगा, गावी आणि शहरात दोनदा नाव देऊ नका. आणि जनगणनेच्या नावाने कोणी बँक खातं किंवा यूपीआय पिन विचारला, तर फोन ठेवून द्या. जनगणनेत असं काही विचारत नाहीत.

हा लेख गावाकडच्या ग्रुपवर नक्की टाका. कुलूप लावून बाहेर गेलेल्यांपर्यंत तो आधी पोहोचायला हवा.